सहावीचं पुस्तक

प्रिय सुनीती,

तू दोनदा फोन केलास, मी मुद्दाम उचलला नाही. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहितेय. चुका काढत बसू नकोस, चौथीनंतर माझी शाळा सुटली हे तुला माहीत आहे.

महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमध्ये तू रविवारचा मराठी वर्ग काढलास तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता. इथे कोलकात्यात, सॉल्ट लेकला आमच्या ब्लॉकात दुसरं मराठी घर नाही. मुलगा-सून ऑफिसातून येतात ती दमून. बोलायला मला एकटी नात, नूपुर. तीही जन्मली इथेच. शाळेत इंग्रजी-हिंदी, खाली खेळायला बंगाली, माझ्यापुरतं मोडकंतोडकं मराठी. तिला ओढत ऑटोत बसवून तुझ्याकडे आणायचे. आणि तू काय केलंस? पुण्याहून सहावीची पुस्तकं मागवलीस. का, तर ती शाळेत सहावीत आहे. अगं, मराठीत ती पहिलीतपण नाही. तसं म्हटलं तर तुझं उत्तर तयार, बदलीवर आलेल्या बँकवाल्यांची मुलं हेच वाचतात, आपली मागे दिसायला नकोत. ती मुलं कालपरवापर्यंत नाशिकच्या शाळेत होती, त्यांचं काय सांगतेस? मग माझ्या कटकटीला कंटाळून तिच्या हातात चिऊ-काऊचं चित्रांचं पुस्तक दिलंस. अकरा वर्षांची पोर, फुटबॉल खेळते. बाजूची मुलं हसली.

शेवटी मीच बसले. ती बोलत गेली तसं लिहीत गेले. त्यांची मॅच, रेफरीला घातलेल्या शिव्या, हरल्यावर सगळ्यांनी खाल्लेला फुचका, म्हणजे आपली पाणीपुरी. मोठ्या अक्षरात एक पान. घडाघडा वाचलं तिने. मग आईला वाचून दाखवलं आणि रविवारी स्वतःहून वर्गात घेऊन आली. तू ते सगळ्यांसमोर हातात घेतलंस, लाल पेनाने अर्धं खोडलंस आणि म्हणालीस, "असलं घरी वाचा. इथे चांगलं मराठी वाचायचं." बोललीस माझ्याकडे बघून. पोर बुटांच्या लेसकडे बघत बसली.

त्यानंतर ती आली नाही, तू विचारलंही नाहीस. आत्ता आठवण झाली, कारण मंडळ तुझा सत्कार करतंय. नूपुरने मराठीत दोन वाक्यं बोलावीत आणि मैत्रीण म्हणून मी तुला शाल घालावी, असा निरोप आला. आम्ही येणार नाही. शाल दुसऱ्या कुणाकडून घालून घे. काल मी तिला विचारलं, जेवायला काय करू? "कुछ भी," म्हणाली. मी मराठीतच परत विचारलं. तिने परत हिंदीतच सांगितलं आणि खोलीचं दार लावून घेतलं. आता दिवसभर माझ्या घरात मराठी बोलतो तो फक्त टीव्ही.

तुझीच, सवयीने लिहिलं गेलं म्हणून,
कुसुम