पागलच्या हाती इळा

६ नोव्हेंबर
हो, खाते गोळ्या! जेवल्यावर एक. डोक्याच्याच आहेत. तुह्या बापाचं का जाते?
असं बोलाले पाहिजे होतं. धुरपतापुढं नुसती हासली. ती आमच्या धानकापणीच्या टोळीची म्होरकी. साऱ्या बायाइले इळे वाटले, मले नाई. "बाई, तू भारे बांध. डोक्याच्या बिमारीत धार हातात बरी नाई."
तीस वर्सं धान कापलं म्या. बोट तिचंच कापते दर साली!

७ नोव्हेंबर
आमचे हे गेले, मंग मले आवाज येत. लोक म्हणत, अंगात येते. तवा हीच धुरपता नारळ घेऊन पाया पडे, हरवलेली बकरी कुठी आहे विचारे. चंद्रपूरच्या डॉक्टरनं बिमारी म्हटलं, गोळी देल्ली, आवाज थांबले — त मी पागल!

९ नोव्हेंबर
घरचाच इळा पाजवला न धानाच्या बांधीत उतरली. बाजूच्या दोघी सरकल्या. अंजनाबाई म्हणे, "नीट धर वो!" म्या डोळे गरगरा फिरवले — वावराच्या धुऱ्यापर्यंत पळाली ना बाई!
मंग कापत राह्यली. दुपारवर साऱ्याइच्या पुढं. इळा ठेव म्हणाची कोणाची हिंमत नाई झाली.

१० नोव्हेंबर
आज बी गेली. उद्या बी जाईन.

१३ नोव्हेंबर
धुरपता मागच्या दारानं आली. "माही करिष्मा झोपत नाई वो. एकटीच रडते. तुह्या दोन गोळ्या दे. कोणाले सांगू नको."
"चण्या-फुटाण्यासारख्या वाटू का? डॉक्टरले दाखव."
"लोक का म्हणतीन?"
"म्हणतीन, हिच्या पोरीले इळा नोका देऊ!"
ती रडाले लागली. जीभ चावली म्या. "चाल, मी येते संग. पण पुढच्या दारानं निघाचं."

१५ नोव्हेंबर
तिघी सकाळच्या बसनं गेलो. डॉक्टर म्हणे, बरी होते पोरगी. येताना धुरपता माहा हात सोडे ना. "तुह्यासारखी बाई नाई," म्हणे. मी खिडकीबाहेर पाहत बसली.

१६ नोव्हेंबर
उद्या धुरपताले सांगीन. टोळीतून काढलं तरी सांगीन.
करिष्माची झोप सोयरिक मोडल्यापासून उडाली. ती सोयरिक म्या मोडली. मूल गावचे पाहुणे बोरिंगवर पोरीची चौकशी करत होते. म्या मस्करीत म्हटलं, "पागल आहे, सांभाळून न्या!" ते हासले नाई. तसेच परतले.
तवा माह्या गोळ्या चालू होऊन महिना झाला होता, आवाज बी थांबले होते.