कठड्यातली साखळी

रत्नागिरी, शनिवार, दिवेलागण

पंखा बंदच ठेवलाय. पातळ पितळी पत्र्यात कोरलेले हे भाग वाऱ्याने उडतात. मी आणि चंद्रकांत ज्या जहाजावर खलाशी होतो, त्याचं मॉडेल झालं, एक साखळी सोडून. शिडीपाशी कठड्यात मोकळी जागा असते, तिथे आडवी लावायची. केसाएवढी जाड, नखाएवढी लांब. बाकीचा कठडा एका बैठकीत चिकटवला, ही तेवढी बाजूला ठेवत आलो. का ते माहीत आहे.

चंद्रकांत तिथूनच समुद्रात गेला. सगळे म्हणाले, लाट आली. साखळी अडकवायचं काम माझं होतं. मी अडकवली नव्हती. वीस वर्षांत कोणाला बोललो नाही.

उद्या त्याची मुलगी सुजाता संगमेश्वरहून मॉडेल न्यायला येतेय. मघाशी फोन आला. "काका, झालं ना? बाबांचं जहाज मी बाहेरच्या खोलीत ठेवणारे."

"झालंच," म्हणालो.

मग चिमट्याने साखळी बसवली, गोंदाचा थेंब लावला. सुबक दिसली. इतकी खोटी दिसली की बघवेना. बायकोने दारातून विचारलं, "अहो, घामाने भिजलात, आता तरी पंखा लावू?" तिच्यावर ओरडलोच.

सुरीने एक टोक सोडवलं. साखळी आता लोंबतेय, त्या दिवशी होती तशी.

उद्या सुजाता विचारेल, "काका, ही अडकवायची राहिली का?"

हो म्हणायचं. आणि तिथे थांबायचं नाही.