बघा, बरोबर झालंय का?

मंगळवार, ४ मार्च

गाठ निघाली. हिच्या मेंदूत, लिंबाएवढी. शनिवारी ऑपरेशन. डॉक्टरीणबाई समजावत होत्या आणि मी त्यांच्या भांगाकडे बघत बसलो – वाकडा होता! तीस वर्षं सलून चालवल्यावर डोळ्यांना दुसरं काही दिसतच नाही. शेवटचं मात्र नीट ऐकलं. "जीव बहुतेक वाचेल. पण माणसं ओळखतील की नाही, ते आता सांगता येत नाही."

"म्हणजे आम्हालाही?" लेकीने विचारलं.

"तुम्हालाही."

हिला सगळं सांगितलं. म्हणाली, "चला, तुमच्या बहिणीच्या तावडीतून सुटले एकदाची!" दोघं पोट धरून हसलो.

बुधवार, ५ मार्च

सलून बंद. दारावर तशी चिठ्ठी लावली. तरी तीन गिऱ्हाइकं वॉर्डाबाहेर हजर – दाढ्या वाढलेल्या, हातात केळी! "दुसरीकडे जा की," म्हटलं. त्यातले शाळेचे मास्तर म्हणाले, "वहिनी घरी आल्या की मगच बसू खुर्चीत."

शुक्रवार, ७ मार्च

आज हिचे केस काढायचे होते. दवाखान्याचा माणूस मशीन घेऊन आला. "आण इकडे," म्हटलं. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि निमूट दिलं.

एकतीस वर्षांच्या संसारात हिने एकदाही मला केसांना कात्री लावू दिली नाही. "तुमच्या हातात कात्री आली की थांबायचं कळत नाही." जगाची डोकी माझ्याकडे आणि घरचं डोकं चौकातल्या पार्लरवालीकडे! आज म्हणाली, "करा आता मनासारखं. फक्त मला दाखवू नका. नाही बघायचं मला." लेकीनेही बजावलं, बाबा, आरसा नको.

हळूहळू काढले. डाव्या कानामागे एक तीळ निघाला. मला माहीतच नव्हता! एकतीस वर्षं शेजारी झोपलो आणि हे आज कळतंय.

मानेवरचे केस झटकले, पावडर लावली – आणि हात आपोआप पिशवीत गेला. काम संपलं की आरसा धरायचा; हात काय विचारून करतो? हिच्या तोंडासमोर आरसा धरून वर विचारलंसुद्धा, "बघा, बरोबर झालंय का?"

"बाबा!" लेक ओरडली.

हिने आरसा स्वतःच्या हातात घेतला. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "हुबेहूब माझे वडील." आणि मग, "अहो, कानापाशी राहिलंय थोडं."

खरंच राहिलं होतं. पुन्हा मशीन घेतलं.

शनिवार, ८ मार्च

सहा तास लागले. ऑपरेशन नीट झालं म्हणतात. आणखी लिहवत नाही.

रविवार, ९ मार्च

डोळे मिटलेलेच. मी शेजारी बसून बडबड करतोय – नळाला पाणी आलं नाही, समोरच्याने दुकान रंगवलं, रंग अगदीच भिकार. नर्स हसते. पण डोळे मिटून बसलेलं गिऱ्हाईक सगळं ऐकत असतं, हे मला पक्कं ठाऊक आहे.

भीती वाटते. हिने डोळे उघडावेत असं वाटतं आणि उघडू नयेत असंही. उघडले की कळेल. लेकीला यातलं काही बोललो नाही.

मंगळवार, ११ मार्च

डोळे उघडले! लेकीला नावाने हाक मारली. लेक रडायलाच लागली.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "आणि हे?"

बघत राहिली. मग मान हलवली. "नाही ओळखत." आणि लेकीला हळूच म्हणाली, "पण माणूस बरा दिसतोय गं. किती वेळ उभे आहेत, खुर्ची दे त्यांना."

बसलो. माझं नाव सांगितलं.