मान खाली घालून केलेली प्रगती

तीर्थरूप आत्यास,

बर्फावर पालथ्या पडलेल्या भाचीचा साष्टांग नमस्कार (सकाळीच घातला गेला, तो तुलाच पोचला असं समज). तुझे गुडघे कसे आहेत? माझेही तसेच आहेत.

"धावून धावून शेवटी पोचलीस कुठे?" हे तू पत्रातही विचारलंस, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे. तर ऐक. धावणं सुटलं. का, ते तुला माहीत आहे: निवड चाचणीत मी पहिली आले आणि संघात सेक्रेटरीसाहेबांची पुतणी गेली. (धावता धावता तिनं केस सावरले, ते मी वळून पाहिलं, मला तेवढी सवड होती.) साहेब म्हणाले, तुमच्यात वेग आहे हो, पण व्यक्तिमत्त्व नाही. ते व्यक्तिमत्त्व शोधायला मी इकडे आले आणि एका दवाखान्यात म्हाताऱ्यांचे खांदे चोळायला लागले.

नवा खेळ मिळाला तोही असाच. घरमालकिणीची गाडी बर्फात रुतली. बाई आत बसून मला सूचना देत होत्या (ढकलणाऱ्यापेक्षा बसणाऱ्याला जास्त कळतं, हे जगात सगळीकडे सारखंच). मी चिडून अशी काही ढकलली की गाडी उतारावरून सुटली ती कोपऱ्यावरच्या पावाच्या दुकानाला जाऊन टेकली. दुकानातून एक मिशाळ माणूस अर्धा पाव हातात घेऊन पळत आला. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. तो म्हणाला, "पुन्हा ढकलून दाखवता?" हा इथल्या बर्फगाडीच्या संघाचा प्रशिक्षक. आपल्याकडे निवडीला वशिला लागतो, इथे अपघातावर भागतं.

बर्फगाडी म्हणजे एक लांबट नांद, खाली लोखंडी पाती. दोघींनी ती ढकलत पळायचं, वेग आला की आत उडी मारायची आणि बर्फाच्या पन्हळीतून डोंगर उतरायचा. पुढची गाडी वळवते. मागची, म्हणजे मी, अगदी शेवटी ब्रेक ओढते. तोवर गुडघ्यांत डोकं खुपसून बसते. आत्या, मुलीच्या जातीनं मान खाली घालून बसावं, असं तू मला जन्मभर ऐकवलंस. आता मला त्याचाच पगार मिळतो. (अभिनंदन.)

पुढे बसते ती पेशानं दंतवैद्य. समोरचा माणूस तोंड उघडतो पण बोलत नाही, याची तिला सवय. पहिल्याच दिवशी बाईंनी वळणावर गाडी उलटवली आणि उरलेला डोंगर आम्ही डोक्यावर उतरलो. खाली आल्यावर मी तोंडाला येईल ते बोलले, आपल्या भाषेत. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझी खालची दाढ किडली आहे." दुसऱ्या दिवशी बोलावून फुकट भरून दिली. भरता भरता पुटपुटली, "मी फार घाबरले होते. तू मागे आहेस म्हणून तरी उतरले." माझ्या तोंडात कापूस, त्यामुळे टाकून काही बोलता आलं नाही. (कसलं हे राजकारण!)

गेल्या आठवड्यात आम्ही मोठी शर्यत जिंकलो. लगेच सेक्रेटरीसाहेबांचा फोन. म्हणे, आपली कन्या, आपला अभिमान, परत या, आपणही बर्फगाडीचा संघ काढू. मी विचारलं, "बर्फ?" म्हणाले, "त्याची समिती नेमू." पुतणी मागे बसायला तयार आहे म्हणे.

असो. औषधं वेळेवर घे आणि डॉक्टरांना शिकवू नकोस.

तुझी भाची

ता. क. एक राहिलंच. इथल्या संघातून पुढे खेळायचं तर इथलं नागरिकत्व घ्यावं लागतं. मी ते घेतलं. बाबांना अजून सांगितलेलं नाही. निवड चाचणी झाल्यावर ते मैदानावरच्या नळाशी कितीतरी वेळ तोंड धूत उभे होते. माझ्याच्यानं फोनवर बोलवत नाही. पण तू मला नावं ठेवलीस की बाबा तुझ्यावर भडकून माझी बाजू घेतात, हे आजवर एकदाही चुकलेलं नाही. म्हणून हात जोडून विनंती: त्यांच्याकडे जेवायला जा आणि मोठ्यांदा म्हण, "कार्टीनं देश सोडला, घराण्याचं नाक कापलं!" पुढचं ते बघतील. जरा मनापासून म्हण.

ता. क. २. वहिनी सांगत होती, की माझा पेपरातला फोटो तू कापून पाकिटात ठेवलायस आणि "ही माझी भाची" म्हणून बसच्या कंडक्टरलाही दाखवलास. त्या दिवशी तेवढं पाकीट घरी ठेवून जा. (आणि फोटोत दिसते ती दंतवैद्य. मी तिच्या मागे आहे.)