शेवटच्या चौकटीतला फुगा

प्रिय शरद,

तुला जाऊन महिना झाला आणि पत्र आज लिहितोय. तू होतास तेव्हा असं लिहायची माझी हिंमत नव्हती, हे तुला वेगळं सांगायला नको. पण काल कोराडीहून तुझ्या चित्रांचं गाठोडं घरी आणलं आणि आज दुपारपासून मला आरशात तोंड पाहवत नाही.

कुसुमताईनं बोलावलं होतं. क्वार्टरची खिडकी उघडी राहिली की पॉवर हाऊसची राख आत येते, तुझ्या पानांवरही बसली होती. पदरानं पुसत तुझी बहीण म्हणाली, "भाऊ, हे तुम्हीच घेऊन जा गा. मले काय समजते यातलं?" मग चहा देता देता विचारलं, "त्यानं लग्न काहून नाही केलं? तुम्हाले तरी सांगितलं असन."

मी काय बोललो माहीत आहे? "कामातून सवडच नाही मिळाली त्याले." सवड! अरे, बारा वर्षं तुझा एकेक रविवार माझ्या खोलीवर गेला!

तुला पोचवायला आलो तेव्हा घाटावरही तेच. कोणीतरी विचारलं, आपण कोण? "प्रेसमधला," म्हणालो आणि मागे जाऊन उभा राहिलो.

तुझी पहिली चित्रकथा आठवते? रामटेकच्या जंगलातले दोन वनरक्षक, जगन आणि बापू. मुलांचं मासिक हातात पडलं की पोरं आधी तुझंच पान उघडायची. चित्रं तुझी, अक्षरं माझी. मी संवाद वेगळ्या कागदावर लिहायचो, त्याचा फुगा कापायचो आणि डिंकानं तुझ्या चित्रावर चिकटवायचो. त्या गोष्टीच्या शेवटच्या चौकटीत दोघं पाठमोरे चालले होते, हातात हात घालून. बर्डीच्या बाजारात मित्र असेच तर फिरतात! कोणाला काय वाटणार होतं? पण बापूची डावी करंगळी वाकडी होती. माझ्यासारखी. कोणी ओळखलं तर? जगनच्या तोंडचा फुगा मी खाली ओढला आणि नेमका त्या हातांवर चिकटवला.

"वसंता, काहून झाकलं गा?"

"वर जागाच नव्हती."

वर अख्खं आभाळ रिकामं होतं. तू ते पाहिलंस, मग माझ्याकडे पाहिलंस. "बरं. पुढच्या टायमाले तिथला फुगा मीच चिकटवून आणतो. तू फक्त अक्षरं लिहिजो."

तेव्हापासून शेवटच्या चौकटीत तुझा कोरा फुगा आधीच चिकटवलेला असायचा, दोघांच्या मधोमध. मी सुटलो. त्याखाली काय आहे, हे एकदाही विचारलं नाही. काय असणार? जे झाकलं जाणार तिथे आपल्या धंद्यात कोणी शाई घालवत नाही.

मग मुंबईच्या प्रकाशकाकडे पाठवलेली पानं परत आली. रेषा उत्तम, पण प्रत्येक गोष्टीच्या शेवटी फुगा नको तिथे कडमडतो, म्हणे! माझं नाव सांगायचंस की! तू उलट टपाली कळवलंस, चूक माझीच आहे. त्यानंतर मासिक बंद पडलं, तू दुकानांच्या पाट्या रंगवत राहिलास, आणि मी शहाणा तुझ्या पाट्यांवरच्या अक्षरांना नावं ठेवत राहिलो. लाज वाटते रे. फार लाज वाटते.

आज राख झटकताना एका फुग्याची कड सुटलेली दिसली. किटलीची वाफ दिली, तो अलगद निघाला. खाली कोरा कागद नव्हता. हात होते. शाईनं नीट काढलेले, नखांसकट, वाकड्या करंगळीसकट. दुसरा काढला, तिसरा काढला. प्रत्येक गोष्टीत तू ते हात काढलेस, आणि मग माझ्या भीतीसाठी तूच ते झाकून आणलेस!

भांडला का नाहीस माझ्याशी? एकदा ओरडायचंस तरी! तुझं ते "बरं" मला आता सहन होत नाही.

बाकीचे सगळे फुगे काढले. एकच ठेवला आहे, पहिला, मी चिकटवलेला. येत्या रविवारी ते पान घेऊन कोराडीला जाईन. कुसुमताईच्या प्रश्नाला मी खोटं उत्तर दिलं, हे आधी सांगेन. मग तिच्यासमोर तो फुगा काढेन आणि चित्राशेजारी माझा डावा हात ठेवेन. तिनं दारातून परत पाठवलं तरी चालेल. पण या वेळी हात मागे घेणार नाही, शरद.

तुझाच,
वसंता