‘येते’ म्हणायचं नाही

सोमवार, ३

पोचले एकदाची! खोली माडीवरची. एक खिडकी धक्क्याकडे, दुसरी कोणाच्या तरी वाळत घातलेल्या कपड्यांकडे. पलंग कुरकुरतो, नळ खोकतो, पण समोर समुद्र आहे. बावीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून खडूची धूळ खाल्लेल्या बाईला आणखी काय हवं? शाळा बंद पडली तेव्हा सगळ्यांनी अशी तोंडं पाडली होती, जणू मीच बंद पडले. आता या म्हणावं, बघायला.

नोकरी अशी आहे. सकाळी आठला छोटी होडी निघते, आठ-दहा पाहुणे घेऊन. बेटाला वळसा घालत तीन तळी दाखवायची. पाणी समुद्राचंच, पण खडकांच्या कुशीत अडकलेलं, हिरवंगार, कमरेपासून डोक्यावरपर्यंत खोल. तिथे पोहायचं, फोटो काढायचे आणि एकच्या आत परत. मी लाइफ जॅकेटचे पट्टे आवळायचे, टॉवेल द्यायचे, सूचना सांगायच्या आणि डोकी मोजायची. म्हणजे वर्ग सहलीला नेणंच की! फक्त ही मुलं माझ्याहून जाड आहेत.

होडी ज्याची तो तांडेल पन्नाशीचा आहे, एकटाच राहतो. अर्ध्या दिवसात चार वाक्यं बोलतो, त्यातली दोन इंजिनाशी.

धाकटीला फोन केला. आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती आणि मी एकवीसची. तिला बहीण म्हणावं की लेक, हे अजून मला ठरवता आलेलं नाही. दुसरं आहे कोण मला? रविवारी येतेय, आठवडाभर रजा काढून. सहा महिने तरण तलावात पोहायला शिकलीय, ते ताईला दाखवायचंय म्हणे. फोन ठेवताना ‘चल, जाते’ म्हणाली. लगेच झापलं. जाते म्हणू नये, येते म्हणावं. एकोणतीस वर्षांची घोडी झाली तरी तेच शिकवतेय.

मंगळवार, ४

पहिली फेरी. एक नवं जोडपं, चार मैत्रिणी, आणि एक काका, ज्यांना समुद्रातलं सगळं आधीच माहीत होतं. काकांचं जॅकेट उलटं होतं. पट्टा असा आवळला की मग ते तासभर गप्प बसले.

पहिली दोन तळी उथळ आहेत, लहान मुलंही उतरतील. तिसरं आतलं. खडकांमधली फट इतकी अरुंद की इंजिन बंद करून वल्ह्यांनी आत शिरायचं. आत गेल्यावर माझी वाचाच बसली. पाणी इतकं नितळ की होडीची सावली तळाला दिसते.

फटीशी तांडेलने मला एक सूचना द्यायला लावली. इथे पाण्यात उतरताना कोणी ‘येतो’ किंवा ‘येते’ म्हणायचं नाही. गप्प उतरायचं. बोलल्याशिवाय राहवतच नसेल तर ‘जातो’ म्हणायचं. मला वाटलं थट्टा करतोय. म्हटलं, अहो, मी जन्मभर पोरांना नेमकं उलटं शिकवलंय, जातो कोण म्हणतं, शेवटचं जाणारा म्हणतो! त्यावर तो हसला नाही. म्हणाला, तुमच्या शाळेत काय शिकवायचं ते शिकवा, माझ्या होडीत हे सांगा.

सांगितलं. पाहुण्यांना फारच मजा वाटली. काका तर तीनदा ‘जातो, जातो’ म्हणत उतरले, आणि आले की परत.

शुक्रवार, ७

हात बसला कामावर. नाक भाजलंय, कांद्यासारखं सोललं जातंय.

एक गोष्ट मात्र खटकते. तिसऱ्या तळ्यातून निघताना तांडेल रोज मागच्या डाव्या कोपऱ्याशी उभा राहतो आणि कठड्याच्या कडेवर वल्हं आपटतो. दोन-तीनदा, जोरात. विचारलं तर म्हणाला, शेवाळ अडकतं. असेल बाई. पण शेवाळ काढणारा माणूस खाली बघेल की नाही? हा आकाशाकडे बघतो.

शनिवार, ८

शेवाळ नाही.

आज मी टॉवेल गोळा करत मागे गेले होते. पाहुणे सगळे पुढे, फोटोत दंग. कठड्यावर चार बोटं होती. पांढरी, फुगलेली, नखं गळून गेलेली. मागून दुसरा हात वर येत होता. तांडेलने वल्हं आपटलं तसा ओल्या कपड्यावर धोपटणं पडल्यासारखा आवाज आला. बोटं सुटली. रक्ताचा थेंब नाही. खाली पाण्यात केस पसरले आणि बुडाले.

बारकी पोर असल्यासारखी टॉवेलांच्या ढिगात बसून राहिले.

दुपारी धक्क्यावर त्याने स्वतःहून सांगितलं. ती त्याची बायको. चार वर्षांपूर्वी आतल्या तळ्यात उतरताना त्याला हसून ‘येते हं’ म्हणाली. बुडी मारली ती वर आलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आली. तेव्हापासून रोज येते. त्या पाण्यात येते म्हटलं की यावंच लागतं, मग येणारं माणूस राहिलेलं असो की नसो. त्याच्या आजोबांच्या वेळी एकाने आपल्या भावाला असं परत घेतलं, घरी नेलं. चौथ्या दिवशी अख्खं घर अंथरुणात मेलेलं सापडलं. अंथरुणं कोरडी, आणि प्रत्येकाच्या तोंडात खारं पाणी.

म्हणून वल्हं मारून परत पाठवायचं. आणि ते ज्याला सांगून गेलं, त्यानेच पाठवायचं. तोंड बघायचं नाही, कारण बघितलं की हात उचलत नाही. आवाज देतात, तोही ऐकायचा नाही.

मी म्हटलं, मी सोमवारी नोकरी सोडते. तो म्हणाला, सोडा. शब्द जपला तर आजवर कोणाला काही झालेलं नाही.

रविवार, ९

धाकटी आली! जिन्यातूनच ‘ताई, भूक’ म्हणून ओरडत आली. कालचं सगळं एखाद्या तापातलं वाटायला लागलं. दिवसभर खिदळलो. माझ्या सोललेल्या नाकाला तिने काय काय नावं ठेवली! लाल रंगाचं नेलपॉलिश आणलंय, बळेच माझ्या बोटांना लावलं, स्वतःच्याही. या वयात मी लाल नखं घेऊन पाहुण्यांचे पट्टे आवळणार. बदली मागितलीय म्हणे, इथून तासाभरावर. दोघी एकत्र राहू, तू कुरकुर, मी ऐकते, असं ठरवून टाकलंय बाईसाहेबांनी.

मला रडूच आलं. कांदा चिरत नव्हते, तरी.

सोमवार, १०

नोकरी सोडायचं आज राहूनच गेलं, आणि तिला तर होडीवर यायचंच आहे. नको म्हटलं. का, तर कारण सांगता येईना. काय सांगू, पाण्यातून बायका वर येतात? ती मला डॉक्टरकडे नेईल. शेवटी पहिल्या दोन तळ्यांत पोह म्हटलं, तर फुगून बसली. सहा महिने शिकले ते ढोपरभर पाण्यासाठी का?

तांडेलला विचारलं. तो म्हणाला, शब्द तेवढा जपा, बाकी ते पाणी बाकीच्या पाण्यासारखंच.

तिला दहादा बजावलंय. येते म्हणायचं नाही. ती म्हणाली, ताई, तुलाच ताप आलाय.

मंगळवार, ११

दुपारचे चार.

मीच केलं.

तिसऱ्या तळ्याशी ती कठड्यावर बसली, पाय पाण्यात. शहाण्या मुलीसारखी, बजावल्याप्रमाणे, माझ्याकडे वळून म्हणाली, ताई, जाते गं.

आणि माझ्या तोंडून गेलं. पंचवीस वर्षं तिला हेच म्हणत आलेय. विचार केलाच नाही, जीभ आपोआप वळली. जाते काय म्हणतेस, येते म्हण!

ती हसली. येते, येते, येते म्हणाली. तीनदा. आणि उतरली.

तांडेल माझ्याकडे बघतच राहिला.

दहा मिनिटं छान पोहली. मग पलीकडच्या खडकाखालून कुठे जाता येतं ते बघायला गेली आणि भरती लागली. तिथून पाणी आत ओढतं. नारिंगी जॅकेट दिसलं, मग नाही दिसलं. तांडेलने चार बुड्या मारल्या. मी ओरडत होते. दुसऱ्या दोन होड्या आल्या. खडकाच्या आत दोर टाकले, काही लागलं नाही. भरतीत आत जाता येत नाही, शोधपथक उद्या दुपारी ओहोटीला येईल.

डोकी मोजली. सारखी मोजतेय. एक कमी.

बुधवार, १२. सकाळ

तांडेल उजाडताच दारात. म्हणाला, पथकाच्या आधी आपण जायचं. आज ती येणार. पथकाच्या माणसांनी हात देऊन वर घेतली तर त्यांच्या घरांचं काय?

मी विचारलं, जिवंत असली तर?

भरतीत तिथे जिवंत माणूस रात्र काढत नाही, म्हणाला.

जातेय. देवा, मला जमणार नाही. पण दुसऱ्या कोणी तिला मारावं हेही नको.

बुधवार, १२. दुपार

मारलं.

इंजिन बंद करून आत शिरलो. खडकाकडून पाणी कापल्याचा आवाज आला. वल्हं माझ्या हातात. मी वर बघितलं, निळं आकाश. कठडा हलला. तांडेल म्हणाला, आता.

एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा.

ताई, मी आहे गं, म्हणाली.

आवाज देतात, तो म्हणालाच होता. मी चौथ्यांदा मारलं. सगळ्यात जोरात ते. कारण आवाज हुबेहूब तिचा होता आणि मला तो सहन होईना.

मग शांत.

मग मी खाली बघितलं. वल्ह्याच्या कडेला रक्त. कठड्यावर रक्त. गरम होतं, मी हात लावला. आणि एक लाल नख.

मेलेल्याला रक्त येत नाही.

उडी मारायला धावले, तांडेलने कमरेला धरून ठेवलं. पाणी नितळ. तळापर्यंत काही नाही.

दुपारी पथक आलं. खडकाच्या आत, पाण्याच्या वर, एक कपार आहे. तिथे जॅकेट सापडलं, वाळत घातलेलं. शेजारी दगडावर शिंपल्याने मारलेल्या रेघा होत्या. पथकाचा प्रमुख म्हणाला, बाई, शूर होती हो तुमची बहीण, रात्रभर तग धरला. सकाळी होडीचा आवाज ऐकून पोहत निघाली असणार, तेवढ्यात दम संपला. तुम्ही हळहळू नका, तुम्ही तरी काय करणार.

पाठ थोपटली माझी.

तांडेलला विचारलं. तुला माहीत होतं का. तो वल्हं धूत होता. म्हणाला, पहिल्या दिवशी माझ्या बायकोचंही रक्त गरम होतं.

गुरुवार, १३

जेवण नाही. झोप नाही. पोलिसात जाऊन सांगितलं, मी मारलं. त्यांनी पाणी दिलं, बसवलं, घरी सोडलं. धक्का बसलाय म्हणाले.

होडी आज गेली. पाहुणे होते. मीही गेले.

निघताना डाव्या कोपऱ्याशी दोन हात. एक त्याच्या बायकोचा. एक —

त्याने आपल्या बायकोला मारलं. मग वल्हं माझ्यापुढे धरलं. मी घेतलं नाही. होडी बाहेर पडली तरी तो हात सुटेना. उघड्या समुद्रात बऱ्याच लांबवर आली. ताई, लागतंय गं, म्हणत होती. मग सुटला.

पांढरा पडायला लागलाय. तीनच बोटं. त्यातल्या दोन नखांवर लाल रंग.

शुक्रवार, १४

होडीतच लिहितेय. आठ पाहुणे, पुढे बसून हसतायत. नवरा बायकोला म्हणतो, इथे माझा एक फोटो काढ.

जॅकेट काढून ठेवलंय मी.

डोकी मोजली नाहीत. आज कोणीतरी दुसऱ्याने मोजावीत.

निघालो. होडी वळतेय. आली. आधी बायको. मग ती.

वल्हं नको म्हटलं. मी खाली बघणार आहे. तिचं तोंड बघणार आहे. बघितलं. अगं —

डावा हात दिलाय. उजव्याने लिहितेय. थंड आहे. रस्ता ओलांडताना धरायची तसा घट्ट धरलाय. नेलपॉलिश माझंही, तिचंही, कोणतं बोट कोणाचं —

ओढतेय. वर येत नाही. कठडा पोटात रुततोय. मीच —

तांडेल मागे येऊन उभा राहिलाय. वल्हं उचललंय. सांगितलं त्याला, थांब, माझाही हात आहे त्यात, खाली बघ एकदा, खाली —

तो आकाशाकडे बघतो