वाकलेली पहार

अम्मा, धाकट्याने कल्याणचं घर शेवटी विकलं. चुलीमागच्या कोपऱ्यात असायची ती वाकलेली लोखंडी पहार त्याने भंगारात काढलेली. मी म्हटलं, राहू दे, माझ्याकडे पाठव. तो फोनवर हसला, "आपा, या वयात खड्डे खणायचेत का तुला?" आता ती इथे ठाण्याला आमच्या मोरीत, पिंपामागे उभी आहे. सून म्हणते फरशीवर गंजाचे डाग पडतील. पडू देत. तुला वाचता येत नव्हतं, आणि मेलेल्या माणसाचा पत्ता तरी मी काय लिहिणार; पण तुझ्याशी भांडायचं राहिलंय माझं. इतकी वर्षं तोंडातल्या तोंडात भांडले, त्याने काही समाधान होत नाही.

पहिला दिवस मला अजून लख्ख दिसतो. मी सहा-सात वर्षांची असेन. जात्याखाली तांदूळ सांडलेले, ते वेचायला मी जात्याचा वरचा दगड एका हाताने उचलला आणि बाजूला ठेवला. त्यात काही विशेष आहे हे मला माहीतच नव्हतं. तू चुलीपाशी होतीस. ओरडली नाहीस. आधी उठून दाराला कडी घातलीस आणि मग म्हणालीस, "ठेव गो परत. हळू." मी ठेवला. तू माझे दोन्ही पंजे उलटेपालटे करून पाहिलेस आणि म्हणालीस, "तुझ्या बापाच्या घराण्यातलं आहे हे. त्यांच्या कुणा पणजीचा खाडीतल्या जिन्नाशी निकाह झालेला म्हणतात. कुणाला बोलायचं नाही." पुढे एकदा मी अब्बांना आडून आडून विचारलं तर ते पोट धरून हसले. "आमच्या घराण्यात? अगं, आमच्यात कुणाला सुपारी नीट फुटत नाही!" मला वाटलं, ते लपवतायत.

दुसऱ्याच दिवशी तू मला बांगडीवाल्याकडे नेलंस आणि दोन्ही हात काचेच्या हिरव्या बांगड्यांनी भरलेस. संध्याकाळी दिवा लावला की माझी मनगटं बघायचीस. एखादी पिचलेली दिसली की विचारायचीस, कुठे, कशाने, कोण होतं तिथे. तुझ्या स्वतःच्या बांगड्या मात्र वर्षानुवर्षं टिकायच्या. बांगडीवाला कुरकुरायचा, भाभी, तुमच्यासारखी चार गिऱ्हाईकं असली तर माझं दुकान बंद पडेल. सकाळी कोंबडीखालची अंडी मी काढायची, दुपारी तांदळाच्या भाकऱ्या मी थापायच्या. "पीठ दुखेल अशी थाप मारू नको," म्हणायचीस. सुरुवातीला माझ्या भाकरीतून परात दिसायची. धाकटा जन्मला तेव्हा तू त्याला माझ्या हातात दिलं नाहीस. आळीतल्या पोरी आपापले भाऊ कडेवर घेऊन हिंडायच्या आणि मी पाळण्याची दोरी धरून बसायचे. त्याला दात आले, तो उभा राहायला लागला, तरी नाही. मग एका ईदेला, अख्खा रमजान माझी एकही बांगडी फुटली नव्हती म्हणून, तू त्याला माझ्या मांडीवर ठेवलंस. मी श्वास रोखून बसलेले. तूही.

एक गोष्ट मात्र तुझी आळीत गाजलेली. तू आम्हाला कधी मारलं नाहीस. शेजारच्या खाला म्हणायच्या, पोरं लाडावून ठेवलीत, दे की एक ठेवून! तू हसून विषय बदलायचीस. मला वाटायचं, आपली आई किती मऊ.

दिवसही कसले होते, फाळणीनंतरचे. मोठे चाचा बिऱ्हाड आवरून कराचीला गेलेले, जाताना आपल्याला चला चला म्हणत होते. अब्बा म्हणाले, माझी खाडी इथे आहे, मी कुठे जाऊ. त्यानंतर बाजारात ओळखीची माणसंसुद्धा एक क्षण जास्त बघायची. गावाबाहेरच्या लष्करी छावणीत घरदार गमावून आलेली माणसं राहायला आलेली, त्यांच्याकडे बघून आपण लाजायचो आणि घाबरायचोही. तू अंगणातसुद्धा हळू बोलायला लागलीस. "आपल्या घराकडे कुणी बोट दाखवायला नको," हे तुझं पालुपद. आणि मी कोण, तर तुझीच पोर, चौदा वर्षांची, अंगात मावत नाही इतका जोर असलेली. शाळेत जाताना मी बांगड्या काढून पाटी-दप्तराच्या पिशवीत ठेवायचे, हे तुला आज सांगते. बंदराच्या चढावर भाताची गाडी अडली की मागून एक हात लावायचे. गाडीवाला बैलांची पाठ थोपटायचा. गाळात रुतलेला मचवा ढकलला, ते लोक म्हणाले भरती लवकर आली. विहिरीत पडलेली शेळी काढली तेव्हा शेळीशिवाय कुणी नव्हतं. मला फार मजा यायची, अम्मा. घरी येऊन बांगड्या घालायचे आणि गरीब तोंड करून भाकऱ्या थापायचे.

आता वखारीचं. अब्बा लाकडाच्या वखारीत सागाचे ओंडके मोजायचे, कुबडीवर. माझ्या जन्माच्या वर्षी एक ओंडका घरंगळून त्यांच्या उजव्या पायावर आलेला. माणसं जमवून तो उचलेपर्यंत पाय कामातून गेला. ही हकिगत ते पाहुण्यांना रंगवून सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "हिची आई तिथेच होती, जेवण घेऊन आलेली, कडेवर ही. नुसती बघत राहिली बिचारी." तेवढं आलं की तू उठून आत जायचीस. आणि रोज जेवणं झाली की त्यांच्या त्या वाळलेल्या पायाला तेल चोळायचीस. आजारी असलीस तरी, घरात माणसं असली तरी. अब्बा म्हणायचे, पुरे गं, आता काय त्याला पालवी फुटणार आहे? तू चोळत राहायचीस.

त्या दिवशी जेवणाचा डबा मी नेलेला. फाटकातून आत गेले आणि थप्पीखालची पाचर निसटली. वरचा ओंडका खाली आला तो थेट अब्बांच्या हाताखालच्या आगरी हमालावर. तात्या म्हणायचे मी त्याला. मला खाडीच्या चिखलातले निवटे मासे आणून द्यायचा तो. मांडीवर ओंडका, तोंड मातीत. माणसं दोर आणा, पहारी आणा म्हणून धावत सुटली. बांगड्या काढायला वेळ कुठला? मी डबा ठेवला, ओंडक्याच्या टोकाखाली हात घातले आणि छातीपर्यंत उचलला. दोघांनी तात्याला ओढून घेतलं. मग मी तो ओंडका खाली ठेवला, अंडं ठेवावं तसा, तू शिकवलेलंस तसा. मनगटांवरून रक्त वाहत होतं आणि हिरव्या काचा पायाशी पडलेल्या. एकाने कानाला हात लावले, एकाने चक्क मला हात जोडले, आणि मला हात जोडणाऱ्याचीच जास्त भीती वाटली. अब्बा कुबडीवर उभे राहून माझ्याकडे असे बघत होते की जणू मी दुसऱ्याच कुणाची तरी मुलगी आहे. "घरी जा," एवढंच म्हणाले.

तू भाकरी तव्यावर टाकत होतीस. माझी मनगटं पाहिलीस. मी सगळं सांगितलं. तू विचारलंस, "माणसं होती तिथे?" होती. "सगळे बघत होते?" हो. "आणि तरी उचललास?" माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "मग काय करू? बघत उभी राहू? तुझ्यासारखी?" तव्यावरची भाकरी करपून काळी झाली, घरभर धूर झाला, धाकटा खोकायला लागला, तरी तू तशीच बसून होतीस.

पुढचे काही दिवस तर विचारू नको. बायका आजारी पोरं घेऊन दाराशी यायला लागल्या, हिचा हात ठेवा म्हणून. आळीतले दोन बुजुर्ग अब्बांना सांगून गेले, पोरीला बाहेरचं लागलंय, डोंगरावरच्या दर्ग्यात नेऊन बांधा. बाजारपेठेतली अनोळखी माणसं समोर उभी राहून आपल्या घराकडे बोट दाखवायची. खरोखरचं बोट, अम्मा, तू जे म्हणायचीस ते. शाळेतून निरोप आला की थोडे दिवस पाठवू नका. तात्याने तेवढा आब राखला. मी त्याला बघायला गेले तर खाटेवरून हळूच म्हणाला, "पोरी, तूच उचललास, मना ठावं हाय. पन मी कोनाला बोलाचा नाय." बाकी सगळे बोलत होते.

मग एका सकाळी तू मला पाण्याला पिटाळलंस. मी हंडा घेऊन परत येते तर तू दारातून बाहेर पडत होतीस, डोक्यावर पदर, हातात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी. अब्बांचा पाय गेल्यापासून एकटी आळी न ओलांडणारी तू, थेट वखारीत गेलीस. पुढचं अब्बांनी सांगितलं. तू शेठच्या आणि सगळ्या हमालांच्या समोर गोणपाट सोडलंस. आत आपली पहार, मध्येच वाकलेली. "पोरीने ही घातली ओंडक्याखाली," तू म्हणालीस, "भार हिने घेतला. बघा की कशी झाली. एवढीशी पोर हाताने उचलेल होय?" माणसांनी पहार हातात घेऊन बघितली, माना डोलावल्या. एकाने तर शपथेवर सांगितलं की त्याने माझ्या हातात पहार पाहिलेली! सगळ्यांनाच सुटल्यासारखं झालं असणार. आठवड्याभरात बायका यायच्या बंद झाल्या.

मी तुला विचारलं, आपली पहार तर सरळ होती. "लोहाराकडून वाकवून आणली," तू म्हणालीस आणि चुलीत फुंकर घालायला वळलीस. मी विश्वास ठेवला. आणि मनातल्या मनात जळले. आयुष्यात एक मोठं काम केलेलं मी, तेही तू लोखंडाच्या नावावर लिहून टाकलंस. शाळा सुटली ती सुटलीच. वर्षाच्या आत ठाण्याला कचेरीत कारकून असलेल्या माणसाशी निकाह. माणूस भला होता, शेवटपर्यंत त्याला काही कळलं नाही. तू शिकवलेलं मी चांगलंच शिकलेले. पण तू भेटायला यायचीस तेव्हा मी चहा देऊन कामाला लागायचे. तू माझ्या मनगटांकडे बघायचीस आणि मी मुद्दाम पदर ओढून घ्यायचे.

माझा मोठा रांगत होता तेव्हा तुझ्या तापाचा निरोप आला. एसटीने कल्याणला आले. विषमज्वर होता, तू कुणाला ओळखत नव्हतीस. मी उशाशी बसून तुझा हात हातात घेतला. दुपारची वेळ, बाहेरच्या खोलीत अब्बा तसबीचे मणी ओढत बसलेले. तापात तू काहीतरी पुटपुटलीस आणि माझा हात आवळलास. अम्मा, मी ओंडका उचललेली बाई. मला दुखणं म्हणजे काय ते बाळंतपणाशिवाय माहीत नव्हतं. माझ्या करंगळीचं हाड तुझ्या मुठीत कट्कन मोडलं. मी ओरडले नाही, ओरडायला सुचलंच नाही. तू डोळे उघडलेस. माझ्या बोटाकडे बघितलंस, मग आपल्या हाताकडे, आणि तो हात पटकन गोधडीखाली लपवलास. "लागलं गो?" तू विचारलंस.

मी म्हटलं, "नाही."

तू डोळे मिटून घेतलेस. दुसऱ्या दिवशी गेलीस. गुस्लच्या वेळी, तुला शेवटची आंघोळ घालताना, तुझ्या बांगड्या मीच उतरवल्या, एकही तडकलेली नव्हती. ते तुझे हात धूत असताना माझ्या डोक्यात एकेक गोष्ट येऊन बसायला लागली. तू आम्हाला का मारलं नाहीस. धाकट्याला मांडीवर ठेवताना तुझाही श्वास का अडकलेला. अब्बा का हसले. तो रोजचा तेलाचा हात. आणि पहार. बोटाचं सगळ्यांना मी सांगितलं, दारात सापडलं.

काल सून बाजारात गेली तेव्हा मी पहार मोरीतून काढली आणि सरळ करून बघितली. भरलेलं सिलेंडर मी अजून एका हाताने सरकवते, तुझ्या कृपेने. दोन्ही हातांनी जोर लावला, गुडघा लावला. जराशी हलली, सरळ काही झाली नाही. माझ्यापेक्षा तुझा जोर जास्त होता तर. मग अब्बांच्या वेळी का नाही गं उचललास? मी कडेवर होते म्हणून? माणसं बघत होती म्हणून? माझ्यासाठी वाकवलीस, त्यांच्यासाठी का नाही? मला राग येतो तुझा, अजून येतो, आणि राग आला की लगेच तू त्या धुरात बसलेली दिसतेस. तू मला विचारत होतीस, तरी उचललास? तुला खरंच जाणून घ्यायचं होतं की मला ते कसं जमलं. आणि मी काय उत्तर दिलं.

हा कागद मी कुठे टाकणार आहे? पहारीला गुंडाळून ठेवीन, गोणपाटात. करंगळी वाकडीच जुळली, थंडीत ठणकते. तू विचारलंस तेव्हा मी नाही म्हटलं, कारण कुणाला काही कळू द्यायचं नाही हे मला तूच शिकवलेलंस. लागलं होतं, अम्मा. फार लागलं होतं.